हॅलो न म्हणणारा नावाडी

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन उचलायचं काम ज्यांच्याकडे होतं, ते मामा फोनवर कधी हॅलो म्हणत नसत. रिसीव्हर उचलायचे, कानाला लावायचे आणि गप्प राहायचे. पलीकडचा माणूस म्हणायचा, "हॅलो." मामा गप्प. "हॅलो?" तरी गप्प. तिसऱ्यांदा तो चिडून "हॅलो!" म्हणाला, की मामा शांतपणे विचारायचे, "हं, बोला. कुठून बोलताय?" तोवर निम्म्या लोकांनी फोन आपटलेला असे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने एकदा लेखी कळवलं, की आपल्या कॉलेजचा फोन नादुरुस्त आहे, तो त्वरित दुरुस्त करून घ्यावा. हेडक्लार्कने ते पत्र मुद्दाम मामांनाच वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "फोन चांगला आहे. माणसांना दम नाही."

मी त्या कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तेवढ्या काळात चार प्राचार्य पाहिले, त्यांतले दोन विसरलेही. मामा विसरता येत नाहीत, म्हणून हे लिहून टाकते आहे.

मामा मुळात नावाडी. कॉलेज नदीच्या एका काठावर, आणि मी नोकरीला लागले तेव्हा मला परवडणारी खोली दुसऱ्या काठावर. मधे पूल नव्हता. सकाळी आणि संध्याकाळी मामांची नाव. त्यांचं घर कॉलेजच्या बाजूला, धक्क्याला लागून होतं. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, पुढे ओटा. ओट्यावर बसलं की पलीकडचा उतार समोर दिसायचा. पलीकडून येणाऱ्याने पाण्याकाठच्या मोठ्या दगडावर उभं राहून हाक मारायची आणि मामांनी जाऊन त्याला आणायचं, अशी रीत.

त्या रीतीला एक नियम होता. पहिल्या हाकेला बसून राहायचं. दुसऱ्या हाकेला उठायचं. तिसऱ्या हाकेला दोर सोडायचा.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्या दगडावर उभी राहून तीन हाका मारल्या, सहा मारल्या, घसा बसला. समोर ओट्यावर माणूस बसलेला स्पष्ट दिसतोय आणि ढिम्म हलत नाही. नाव आली तेव्हा माझ्या पहिल्या तासाची घंटा होऊन गेली होती.

"बहिरे आहात का तुम्ही?" मी विचारलं.

"नाही बाई. पण तुम्ही एका दमात मारल्यात. एका दमात कितीही मारल्या, तरी आम्ही ती एकच हाक धरतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि माझे वडील."

"ते कुठे आहेत?"

"वारले."

पुढे नावेत त्यांनी समजावून सांगितलं. पलीकडे गुरं राखणारी पोरं असतात, टवाळ असतात, उगीच ओरडत सुटतात. पात्र रुंद, ओढ मोठी. आडवं जाऊन परत यायचं म्हणजे पाऊण तास आणि दोन्ही दंड कामाला. रिकाम्या खेपा मारून त्यांच्या वडिलांची कंबर गेली होती. मग त्यांनीच हा नियम काढला. टवाळाला दुसऱ्या हाकेनंतर कंटाळा येतो. ज्याला खरंच यायचं असतं, तो थांबतो, दम घेतो आणि तिसरी मारतो.

मला तो नियम शहाणपणाचा वाटला. पाळणं जड गेलं, कारण थांबणं माझ्या कुंडलीत नाही. पण वर्षभर पाळला.

पुढच्या वर्षी पूल झाला. नाव धक्क्यावर उपडी पडली. त्या वेळचे प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी मामांना शिपाई म्हणून घेतलं आणि ऑफिसच्या दाराशी, फोनच्या टेबलाजवळ स्टूल दिलं. तिथे मामांनी आपला नियम फोनला लावला. मी सोडून कुणालाच ते उमगलं नाही, आणि मला त्याची गंमतच वाटत राहिली, अशी बारा वर्षं.

मग नवे प्राचार्य आले. टापटिपीचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"बाई, तुम्ही इंग्रजीच्या. त्या मामांना हॅलो म्हणायला शिकवा."

"एक शब्द शिकवायला एम.ए. कशाला लागतं?"

"आजवर कुणाला जमलेलं नाही म्हणून."

त्याच आठवड्यात मी वर्गात शब्दांच्या उगमावर बोलत होते, त्यामुळे माल ताजा होता. दुपारी ऑफिस रिकामं पाहून मी मामांच्या समोर खुर्ची ओढली.

"मामा, हॅलो हा शब्द परका म्हणू नका. तो तुमचाच आहे."

"माझा?"

"नावाड्याचा. पूर्वी युरोपात जी एक जुनी भाषा होती, तिच्यात 'आणणं, घेऊन येणं' अशा अर्थाचं एक क्रियापद होतं. नदीच्या काठावर उभा असलेला माणूस पलीकडच्या नावाड्याला त्याच शब्दाने साद घालायचा. त्यातून बदलत बदलत हॅलो झालं. नमस्कार-चमत्कार या अर्थाने तो फोन आल्यावर रुळला. आणि ज्याने फोन काढला ना, त्याला तर हॅलो नकोच होतं, त्याला खलाशी जहाजावरून मारतात ती हाक हवी होती. म्हणजे काहीही केलं तरी नाव आणि पाणी सुटत नाही!"

(आपल्या 'हाळी'शी याचा काही संबंध नाही. दर वर्षी वर्गात कुणीतरी हात वर करतं, म्हणून आधीच सांगून टाकते.)

मला वाटलं, मामा खूश होतील. ते फोनकडे बघत होते.

"म्हणजे पलीकडचा हॅलो म्हणतो, तेव्हा तो म्हणतो, 'मला ने'?"

"अगदी बरोबर."

"नुसतं 'अहो, कुणी आहे का' असं नाही?"

"नाही. 'ये, मला घेऊन जा.'"

"नक्की ना बाई?"

"मामा, मी सांगतेय ना!"

त्यांनी मान डोलावली. खांद्यावरचं फडकं काढून रिसीव्हर पुसला, तारही पुसली. मग फडक्याची घडी करून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. मी तासाला निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मामा बदलले. फोनची पहिली घंटा पुरी व्हायच्या आत रिसीव्हर त्यांच्या कानाला असे. पलीकडच्याला हॅलो म्हणायलासुद्धा न देता विचारायचे, "कोण? कुठे आहात तुम्ही? एकटेच आहात का?" एका पालकाने घाबरून फोन ठेवला. प्राचार्य मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवलंत की बिघडवलंत?"

त्यातच संध्याकाळचा फोन सुरू झाला. किंवा तो आधीपासून येत असेल आणि कुणी लक्ष दिलं नसेल. ऑफिस पाचला बंद व्हायचं. साडेपाचच्या सुमाराला फोन दोनदा वाजायचा आणि थांबायचा. मामा आता साडेपाचनंतरही घरी जाईनात. स्टुलावर बसून राहत, पण हा एक फोन त्यांना पहिल्या घंटेला उचलवत नसे. हेडक्लार्क थट्टा करायचा, "मामींना सांगायला हवं. कुणीतरी वेळ ठरवून फोन करतंय." मामा हसत नसत. टेलिफोनवाला येऊन डबी उघडून गेला. "कुठेतरी लाइन क्रॉस होतेय," म्हणाला आणि डबी पुन्हा बंद केली. फोन वाजायचा तसाच वाजत राहिला.

मग एका रविवारी सकाळी मामी माझ्या दारात. बाई ठेंगणी, काटक, तोंडाने फटकळ. आमचं त्यामुळेच जमत असे.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. पण शिकलेल्या माणसाने जरा बघून बोलावं."

"मी काय बोलले?"

"ते मला विचारता? ताट वाढलं की हे उठतात आणि धक्क्यावर जाऊन उभे राहतात. पलीकडे बघतात. काय झालं विचारलं, तर म्हणतात, बाईंनी अर्थ सांगितला. कसला अर्थ सांगितलात हो? तेरा वर्षं मी हा माणूस कसाबसा झोपवत आणला होता."

"तेरा वर्षं? काय झालं होतं तेरा वर्षांपूर्वी?"

मामी उंबऱ्यातच उभी होती. "त्यांनाच विचारा," म्हणाली. चहासुद्धा न घेता गेली.

सोमवारी पाच वाजता मी ऑफिसात जाऊन बसले. हेडक्लार्क कपाटांना कुलपं लावून गेला. मी सरळच विचारलं. मला आडवळणाने विचारता येत नाही.

मामांनीही सरळच सांगितलं. पुलाचे खांब तेव्हा उभे राहिले होते, वरचं काम व्हायचं होतं. नदी चढलेली. दिवसभरात चौदा खेपा झाल्या होत्या. ते घरात आले, आणि दिवेलागणीला पलीकडून हाक आली.

"एक आली. मी बसून राहिलो. दुसरी आली. मी उठलो, धक्क्यावर आलो, दोर हातात धरला. तिसरीची वाट बघितली."

"किती वेळ?"

"पुष्कळ. घरात वाढलेलं ताट थंड होईपर्यंत. तिसरी आली नाही. मग दोर पुन्हा बांधला."

"दिसलं नाही कुणी?"

"अंधारून आलं होतं. आवाज तेवढा पाण्यावरून आला. बाईचा की बाप्याचा, तेही कळलं नाही. सकाळी पहिली खेप घेऊन गेलो, तर दगडावर पायातला जोड काढून ठेवलेला. पाण्याकडे तोंड करून."

ऑफिसातला पंखा कुणी बंद केला नव्हता. तो फिरत होता.

मामांनी तीन दिवस प्रवाहाच्या खाली शोध घेतला होता. पोलिसांना सांगितलं होतं. पलीकडच्या काठाचं एकेक घर महिनाभर विचारत फिरले होते. कुणाच्या घरचं कुणी हरवलेलं नव्हतं.

"मग झालं तर!" मी म्हणाले. "कुणी गेलंच नाही."

"कुणाच्या घरचं गेलं नाही. पण प्रत्येकाला घर असतंच असं नाही ना, बाई."

मामा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"मी मनाला समजावलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, हाक नव्हतीच ती. आवाज होता नुसता. माणूस नदी बघतो आणि ओरडतो. त्याला काही अर्थ नसतो. असं म्हणत म्हणत बरं चाललं होतं माझं. आणि तुम्ही म्हणालात, की नदीकाठच्या हाकेचा अर्थच मुळी 'मला ने' असा असतो. सगळीकडे. आपल्याकडेच नव्हे, साहेबाच्या देशातसुद्धा."

आता मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरून होतं. समोर अडचण दिसली की मी ती झटकन निकालात काढायला बघते. मग हातात झाडू असो की कुऱ्हाड.

"मामा," मी म्हणाले, "ती मी होते."

त्यांनी वर पाहिलं.

"हो, मीच. दोन हाका मारल्या. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, तिसरीपर्यंत कोण थांबतंय! म्हटलं, चालत बघू. गुडघाभर पाण्यात गेले, घाबरले, आणि तशीच अनवाणी खोलीवर पळाले. लाज वाटली म्हणून कुणाला बोलले नाही. त्या चपला माझ्या."

मामा माझ्याकडे बघत राहिले. आणि मग कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले. तोंडभर नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यांत.

"बाई, तुमचा आवाज मी वर्षभर ऐकला. तुमच्या पहिल्या हाकेला पलीकडची कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची. तो आवाज मी ओळखला नसता?"

"वारा असेल त्या दिवशी."

"आणि चपला नव्हत्या हो. बूट होते. पुरुषाचे. काळे, नाडीचे. आत मोजे होते." ते थांबले. "मोज्यांची नीट घडी घातलेली होती. मोज्यांची घडी घालणारा माणूस टवाळी करायला येत नाही."

फोन वाजला. एकदा. मामांचा हात रिसीव्हरवर गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्यांदा वाजला आणि थांबला. त्यांनी उचलला तेव्हा आत नुसती खरखर होती. मी त्यांचा निरोप न घेताच उठले. माझं खोटं इतकं उघडं पडलं होतं, की तिथे बसवेना.

घरी येऊन शब्दकोश काढला. का, ते सांगता येणार नाही. बहुधा आपण निदान खरं तरी बोललो होतो, एवढं बघून घ्यायचं असावं. पान सापडायला वेळ लागला नाही, वर्गासाठी मीच पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. 'नावाडी' या शब्दाखाली जाड रेघ होती. 'आणणे' या क्रियापदाखाली एक. आणि त्या दोन्हींच्या आधी, रेघ नसलेला एक शब्द होता: पर्हॅप्स. कदाचित.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कदाचित अमुक भाषेतल्या अमुक क्रियापदापासून. तो शब्द काही नंतर छापला गेला नव्हता. मी वाचला तेव्हाही तिथेच होता. वर्गात मी तो गाळला, कारण 'कदाचित' म्हटलं की मागच्या बाकांवरची पोरं जांभया देतात. मामांपुढे गाळला, कारण आठवलाच नाही.

"काय झालं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"माझं चुकलं."

"पुन्हा म्हण. मला नीट ऐकू आलं नाही."

एरवी मी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी नाही दिलं, तेव्हा त्यांनीच पुढे होऊन वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीत तो पाच किलोचा ग्रंथ घालून मी पाच वाजता ऑफिसात गेले. मामांच्या टेबलावर, फोनच्या शेजारी उघडून ठेवला.

"मामा, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. यात 'कदाचित' लिहिलंय."

"कुठे?"

मी दाखवलं. त्यांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. त्यांनी तर्जनी त्या शब्दावर ठेवली, वल्ह्याने घट्टे पडलेली, आणि उचलली नाही.

"म्हणजे काय?"

"म्हणजे हॅलो त्या नावाड्याच्या हाकेतून आला असेल. नसेलही. ती नुसतीच ओरड असेल. घशातून निघालेला आवाज."

"यांना माहीत नाही?"

"नाही."

"किती जणांनी मिळून केलंय हे पुस्तक?"

"शेकडो."

"वर्षं किती लागली?"

"पिढ्या गेल्या, मामा."

"आणि तरी माहीत नाही."

"नाही."

मला वाटलं, चला, जमलं. ओझं उतरलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पण बाई, कदाचित म्हणजे नाही, असं तर नव्हे ना?"

खोटं बोलायची सोय आदल्या दिवशीच संपली होती. "नव्हे," मी म्हणाले.

"मग त्या दिवशी मी 'नक्की ना' विचारलं, तेव्हा तुम्ही तसं का म्हणालात?"

एकतीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नाही.

"घाई होती," मी म्हणाले.

"कसली?"

"तासाची. आणि कसली नसली तरी मला घाईच असते."

मामांनी मान हलवली. मला कमी लेखलं नाही, आणि माफही केलं नाही. बोट अजून त्या शब्दावर होतं.

"मीही तुम्हाला अर्धंच सांगितलं," ते म्हणाले. "ताट थंड होईपर्यंत थांबलो म्हणालो, ते खोटं आहे. ताट गरम होतं. वाफ येत होती. चौदा खेपा झाल्या होत्या, भूक लागली होती. मी दोर धरला आणि लगेच पुन्हा बांधला. तिसरी हाक आली असेल तर मी घरात होतो. हिने भांडं घासायला घेतलं होतं, त्याचा आवाज होता. आली असेल. नसेल."

हे त्यांनी मामींनाही सांगितलं नसणार, हे मला न विचारता कळलं. मी काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

साडेपाच झाले असतील. फोन वाजला. मामांनी बोट उचललं आणि पहिल्याच घंटेला रिसीव्हर घेतला. या खेपेस कट झाला नाही. ते ऐकत राहिले. मग रिसीव्हर माझ्याकडे केला.

"तुम्ही बघा."

मी कानाला लावला. खरखर होती. लांबून, एकसारखी, कमीजास्त न होणारी. तारांचा आवाज असतो तसा. रुंद पाण्याचाही तसाच असतो, आणि मी त्या काठावर वर्षभर उभी राहिलेली बाई आहे. खरखरीच्या मागे कुणी श्वास घेत होतं की मीच घेत होते, ते समजेना. हॅलो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय ऐकू येतंय?" मामांनी विचारलं.

"मला माहीत नाही, मामा."

त्यांनी रिसीव्हर परत घेतला. स्टुलावरून उठून ताठ उभे राहिले, छाती भरून घेतली, आणि नदी ओलांडायला लागायचा तेवढा आवाज काढून त्या काळ्या रिसीव्हरमध्ये ओरडले, "ऐकतोय! आहे मी इथे! बोला!"

ऑफिसच्या काचा थरथरल्या. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी चालता चालता थांबलं. पलीकडून उत्तर आलं नाही, आणि फोन कटही झाला नाही. मामा रिसीव्हर धरून उभेच होते. माझी घरी जायची वेळ होऊन गेली होती. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.